लढाईचा रोज

२०२२ च्या खरिपातली गोष्ट. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी तालुक्यात एका वावराच्या धुऱ्यावर बसलो होतो. पऱ्हाटी गुडघ्याला आली होती आणि निंदणाला पाच-सहा बाया वाकून ओळीनं पुढे सरकत होत्या. याच वावरात दरवर्षी बारा-पंधरा बाया लागतात, असं त्यांच्यातल्या वयानं मोठ्या मावशींनी सांगितलं. या वर्षी मालकानं एक निंदण रद्द करून त्याऐवजी तणनाशक मारलं होतं. कारण विचारलं तर उत्तर खताचं होतं. हजाराच्या आतबाहेर मिळणारी पोटॅशची थैली सतराशेवर गेली होती, बाराशेची डीएपी साडेतेराशेला झाली होती. पोटॅशच्या जागतिक बाजारात रशिया आणि बेलारूस हे मोठे पुरवठादार, आणि फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केलेला. खताचे भाव आधीपासून चढत होते, लढाईनं ते आणखी चढवले. शेतकऱ्याला कुठेतरी हात आखडावाच लागतो. खत कमी टाकलं तर पीक जातं, म्हणून तो मजुरीवर हात आखडतो. मी मावशींना विचारलं, तिकडच्या लढाईचं काही कानावर आलं का? त्या म्हणाल्या, "लढाई कुठं सुरू हाय ते मले नाही मालूम, भाऊ. पण माहे आठ रोज गेले ना."

आमच्याकडे रोज म्हणजे दिवस आणि रोज म्हणजे दिवसाची मजुरीसुद्धा. दोन्ही एकदमच जातात. युक्रेनमध्ये त्या वर्षी किती रोज गेले याचा अंदाज आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं मे महिन्यात मांडला होता: सुमारे ४८ लाख नोकऱ्या, म्हणजे युद्धाआधीच्या रोजगाराच्या जवळपास तीस टक्के. देवळीच्या मावशींचे आठ रोज त्या हिशेबात नाहीत. कुठल्याच हिशेबात नाहीत. युद्धाचा श्रमाच्या बाजारावर काय परिणाम होतो हा प्रश्न आपण नेहमी लढणाऱ्या देशांपुरता विचारतो. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसानं तो तसा विचारून भागणार नाही, कारण या जिल्ह्याच्या जन्मातच एक दूरची लढाई आहे.

१८५३ साली तिसरे रघुजी भोसले वारले आणि नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला. नागपूर जिल्हा आवरायला फार मोठा होता हे एक कारण. दुसरं, इथल्या मोलाच्या कापसाच्या व्यापारावर स्वतंत्र देखरेख हवी होती. १८६२ हे साल महत्त्वाचं आहे. आदल्या वर्षीच्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं आणि लिंकनच्या आरमारानं दक्षिणेकडची बंदरं रोखून धरली होती. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस त्या बंदरांतून येत असे. तो थांबला. मग मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी जी नावं आली त्यांत हिंगणघाट हे एक होतं. वणा नदीकाठच्या या गावाचा 'बनी' जातीचा लांब धाग्याचा कापूस त्यांना माहीत होता. लिव्हरपूलच्या बाजारात 'हिंगणघाट' हे मालाचंच नाव होतं. जिल्ह्याचं ठाणं आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवायला घेतलं. आज आपण ज्या सरळ, रुंद रस्त्यांवरून फिरतो ते कापसासाठी आखलेल्या काळातले आहेत.

लढाईच्या त्या चार वर्षांत इथल्या मजुराला काय मिळालं? काम मिळालं, भरपूर मिळालं. पेरा वाढला, वेचणी वाढली. रुई काढायला, बोजे बांधायला माणसं लागली. शिवाय मुंबईहून नागपूरकडे लोहमार्ग येत होता, त्याच्या मातीकामाला आणि पुलांना हजारो हात हवे होते. एकाच वेळी शेत, जिन आणि लोहमार्ग असे तीन मालक एकाच मजुराच्या दारात उभे, असं या भागानं पूर्वी पाहिलेलं नव्हतं. मजुरीचे दर चढले. पण ज्वारीही चढली. ज्या वावरात ज्वारी होती तिथे कापूस आला आणि नव्या मजुरांची तोंडं वाढली. पैसा हातात आला तरी तो मुठीत राहिला किती, याचं उत्तर ज्याच्या कणगीत स्वतःची ज्वारी होती त्याच्यासाठी एक होतं, आणि रोज विकत आणणाऱ्यासाठी दुसरं.

या कापसाच्या धाग्याचं दुसरं टोक लँकेशायरमध्ये होतं. तिथल्या कामगाराची हकिगत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. लाखो माणसं बेकार झाली, धर्मादाय पैशावर आणि सरकारने काढलेल्या रस्ते-गटारांच्या कामांवर जगू लागली. ज्यांना काम मिळालं त्यांच्या वाट्याला हिंदुस्थानचा कापूस आला. मुंबईहून गेलेल्या सगळ्याच कापसाला ते 'सुरत' म्हणत. बहुतेक माल आखूड धाग्याचा, त्यात सरकी, पाला, खडे. धागा सारखा तुटायचा. त्यांना मजुरी नगावर मिळत असल्यामुळे धागा तुटला की मजुरीही तुटायची. देवानं कापूस पाठवावा पण सुरतचा पाठवू नये, अशी प्रार्थना तिथे प्रसिद्ध झाली होती. ज्या लढाईनं इकडच्या वेचणाऱ्या बाईचा रोज वाढवला तिनंच तिकडच्या विणकराचा रोज बुडवला, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते. एकाच मालावर जगणारी ही दोन माणसं, आणि त्यांच्या मजुरीचा दर ठरवणारी तोफ तिसऱ्याच खंडात.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. मुंबईत कापसाच्या पैशावर चढलेली शेअरांची इमारत १ जुलैला कोसळली. हिंगणघाटला कोसळायला शेअर नव्हते. इथे भाव उतरले, आणि चढत्या भावाच्या भरवशावर उचललेलं कर्ज मात्र उतरलं नाही. २० फेब्रुवारी १८६७ ला नागपूरला पहिली गाडी पोचली, म्हणजे ज्या लढाईसाठी लोहमार्गाची घाई होती ती संपून दोन वर्षं होत आली होती. लोहमार्ग आला आणि बंडीवाल्यांचं, लमाणांच्या तांड्यांचं लांबपल्ल्याचं काम गेलं. नागपूर प्रांताचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवर मिर्झापूरपर्यंत जायचा. त्या वाटेवर जगणारी माणसं एका पिढीत वाटेवरची झाली.

इथे एका माणसाचं नाव घ्यायला हवं. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा वर्ध्याच्या जमीनमहसुलाची पाहणी करणारा अधिकारी आणि नंतर मध्य प्रांत-वऱ्हाडचा कॉटन कमिशनर. लढाई संपल्यावर तीन-चार वर्षांनी लिहिलेल्या आपल्या अहवालात त्यानं एक आशा व्यक्त केली आहे. रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्त पडेल. मग जो कापूस इथेच सुतात जातो तो निर्यातीला मोकळा होईल. आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली मोठी लोकसंख्या शेतमजुरीला मोकळी होऊन पडीक रान वहितीखाली आणेल. यात लपवाछपवी नाही. कोष्ट्याचा माग, महार विणकराचा माग, घराघरातली सूत कातणारी बाई, या सगळ्यांकडे हा अधिकारी चुकीच्या जागी अडकलेले हात म्हणून पाहतो आहे. मी हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा कागद बाजूला ठेवून बराच वेळ बसलो. आपल्याकडचा शेतमजूर फार प्राचीन, असं आपण धरून चालतो. त्यांतले कित्येक शेतमजूर असे 'मोकळे' केलेले विणकर आहेत.

आणि अमेरिका कशी सावरली? चाळीस लाख गुलाम मुक्त झाले. कापसाच्या मळेवाल्यांना पहिला प्रश्न पडला तो हाच, की आता वेचणार कोण? मुक्त झालेल्या माणसांना जमीन हवी होती. स्वतःच्या जमिनीवर त्यांनी आधी मका आणि भाजी लावली असती. बायकांनी मळ्यावरचं काम कमी केलं, मुलं शाळेत जाऊ लागली. १८६५-६६ मध्ये दक्षिणेतल्या राज्यांनी कायदे केले: ज्याच्याकडे कामाचा करार नाही तो भटक्या, त्याला दंड, आणि दंड भरता आला नाही तर सक्तीची मजुरी. ते कायदे टिकले नाहीत, पण त्यांच्या जागी बटई आली आणि दुकानदाराचं कर्ज आलं. बियाणं उधार, मीठ-पीठ उधार, आणि उधारीची अट अशी की कापूसच लावायचा. १८७० च्या दशकात अमेरिकेचं कापसाचं पीक युद्धापूर्वीच्या आकड्यावर परत आलं. आकडे पाहणारा म्हणेल, देश सावरला. ज्याला आपण सावरणं म्हणतो ते अनेकदा मजुराला परत बांधून ठेवणं असतं, हे मला वर्ध्यात बसून जास्त चांगलं समजतं. कारण त्याच काळात आमच्या सावकाराच्या वहीत हेच चाललं होतं. फक्त भाषा वेगळी होती.

जॉन स्टुअर्ट मिलनं १८४८ मध्ये एका जुन्या आश्चर्याचं उत्तर दिलं होतं. शत्रू सगळं जाळून जातो आणि चार-सहा वर्षांत देश पुन्हा पूर्वीसारखा दिसू लागतो, हे कसं? त्याचं म्हणणं असं, की भांडवल म्हणजे गोदामात साठवलेला खजिना नसतो. ते रोज खपतं आणि रोज नव्यानं तयार होतं. लढाई जे नष्ट करते ते तसंही थोड्या वर्षांत खपणारच होतं. माणसं, त्यांची कला आणि जमीन शिल्लक राहिली की बाकीचं ती पुन्हा करतात. दुसऱ्या महायुद्धानंतरचा जर्मनी आणि जपान पाहिला की मिलचं म्हणणं पटतं. पण त्यातली अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: माणसं आणि त्यांची कला शिल्लक राहिली पाहिजे. आमच्याकडे एकही घर जळलं नाही, एकही तोफ आली नाही. कला मात्र गेली. तलम सूत कातणारी बोटं निंदणाला लागली, आणि तीन पिढ्यांनंतर ती बोटं काय करू शकत होती हे कुणाला आठवत नव्हतं. 'बनी' कापूसही मागे पडला. आखूड धाग्याचा, जास्त रुई देणारा 'जरी' परवडत होता, म्हणून तो पसरला.

पहिलं महायुद्ध आमच्याकडे आलं ते तापाच्या रूपानं. १९१८ च्या मे-जूनमध्ये मुंबई बंदरात सैनिकांच्या बोटींबरोबर इन्फ्लुएंझा उतरला आणि रेल्वेनं आत आला, त्याच कापसाच्या रेल्वेनं. सप्टेंबरनंतरची दुसरी लाट भयंकर होती. पाऊसही त्या वर्षी दगा देऊन गेला. हिंदुस्थानात सव्वा कोटीहून अधिक माणसं मेली, आणि सर्वांत जास्त मार बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत होता. मरणारे म्हातारे-पोरं कमी आणि कमावते जास्त. ऐन वेचणीच्या दिवसांत वेचणारेच गेले.

या मरणांवर पुढे अर्थशास्त्रज्ञांचा एक गाजलेला वाद झाला. शेतीत इतके जादा हात आहेत की काही काढून घेतले तरी पीक कमी होत नाही, असा समज तेव्हा प्रबळ होता. थिओडोर शुल्ट्झनं १९६४ च्या आपल्या पुस्तकात १९१८ ची साथ पुरावा म्हणून पुढे केली: इतके हात गेले, आणि पेराही घटला, म्हणजे एकही हात फुकटचा नव्हता. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये त्याला आक्षेप घेतला. साथ हिशेबानं माणसं उचलत नाही. एका घरातले सगळे जातात, शेजारच्या घरातलं कुणीच जात नाही, आणि ओसाड पडलेली जमीन लगेच शेजाऱ्याच्या नांगराखाली येत नाही. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं. तर्काच्या बाजूनं मला सेन बरोबर वाटतात, पण शुल्ट्झच्या आग्रहामागचा मुद्दा सोडवत नाही. मजुराचा हात फुकटचा समजला की त्याला शिकवायची गरज उरत नाही. आणि शिक्षण हीच सर्वांत मोठी गुंतवणूक, हे शुल्ट्झ आयुष्यभर सांगत राहिला.

दुसऱ्या महायुद्धानं आमच्या बोलण्यात शब्द ठेवले. आजही खेड्यात रेशन दुकानाला 'कंट्रोल' म्हणतात. माझी आजी तांदळाला नाव ठेवायची तर "कंट्रोलचा दिसतो" म्हणायची, आणि मला लहानपणी वाटायचं ती तांदळाची जात आहे. पगारदारांच्या घरातला महागाई भत्ता रुळला तोही युद्धाच्याच महागाईत. गिरण्यांना लष्कराच्या कापडाचं काम होतं. पण कापूसवाल्याची वेगळीच पंचाईत झाली: आमचा आखूड धाग्याचा कापूस मोठ्या प्रमाणात घेणारा गिऱ्हाईक जपान होता आणि १९४१ मध्ये तोच शत्रू झाला. बाजार एका रात्रीत बंद. मग सरकारनं कापूस कमी करून धान्य पेरायला सांगितलं. ऐंशी वर्षांपूर्वी एका लढाईनं ज्वारी काढून कापूस लावला होता, दुसरीनं कापूस काढून ज्वारी लावायला सांगितली. दोन्ही वेळा वावरातल्या माणसाला कुणी विचारलं नाही.

त्याच वेळी वर्ध्यात मगनवाडीला जे. सी. कुमारप्पा बसले होते. कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारण शिकून आलेला हा माणूस १९३४ पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम पाहत होता. युद्धाच्या ऐन काळात त्यांनी लेख लिहिला, की सरकार नोटा छापून शेतकऱ्याकडून धान्य आणि माल उचलतं आहे. त्याला भाकरीच्या बदल्यात दगड मिळतो आहे. त्या लेखाबद्दल त्यांच्यावर खटला भरला गेला. चाळीसच्या दशकातल्या तुरुंगवासात त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' लिहिलं. युद्धाच्या काळात मजुराच्या हातात पैसा वाढतो हे पाहून भल्याभल्यांना भरभराटीचा भास होतो. त्या पैशामागे माल उरला आहे का, हा साधा प्रश्न कुमारप्पांनी विचारला. १८६३ मध्ये हिंगणघाटच्या बाजारात तो विचारणारा कुणी असता तर बरं झालं असतं.

आणि मगनवाडीपासून तीसेक किलोमीटरवर पुलगाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे दारूगोळ्याचं मध्यवर्ती भांडार उभं राहिलं, ते आज देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी आहे. पुलगावात कापसाची गिरणीही होती. गिरणी बंद पडली. भांडार राहिलं. गिरणीत मुलाला चिकटवता येत नाही म्हटल्यावर बापाची नजर भांडाराकडे जाणारच, आणि पक्की नोकरी लागली तर ती चांगली नोकरी आहे. ३०-३१ मे २०१६ च्या रात्री तिथे आग लागली तेव्हा ती विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे कर्मचारी, दोन लष्करी अधिकारी आणि इतर, मिळून पंधराहून अधिक जण गेले.

पण मला जास्त छळतो तो २० नोव्हेंबर २०१८ चा स्फोट. सोनेगाव (आबाजी) जवळच्या मैदानावर मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याचं काम चाललं होतं. पेट्या उतरवायला आसपासच्या गावांतले मजूर ठेकेदारामार्फत लावलेले. सहा जण मेले, कित्येक जखमी झाले. स्फोटानंतर मातीत राहणारं पितळ, तांबं, लोखंड गोळा करून विकणं हाही त्या गावांतल्या गरिबांचा जुना धंदा. नोव्हेंबर म्हणजे वेचणीचा हंगाम. कापसाच्या हंगामात माणूस कापूस सोडून बॉम्बच्या पेटीला हात लावतो, यावरून वेचणीत त्याला काय मिळत असेल ते समजावं. ते गोळे कुठल्याच लढाईत उडाले नव्हते. न झालेल्या लढाईचे ते मजूर होते.

असाच सौदा आता सरकारी पातळीवर होतो आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्राएलनं पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने थांबवले आणि बांधकामांवर माणसं उरली नाहीत. ती जागा भरायला भारतातून सेंटरिंगवाले, लोखंड बांधणारे, फरशीवाले, गिलावा करणारे निवडून पाठवले गेले. उत्तर प्रदेश, हरियाणात रांगा लागल्या, आणि पुढच्या फेरीत महाराष्ट्रातही चाचण्या झाल्या. पगार इथल्यापेक्षा कितीतरी पट. जाणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. घरी कर्ज असलं की सायरनचा आवाज लहान वाटतो. पण ही जागा दुसऱ्या एका मजुराला बाहेर काढून रिकामी झाली आहे, आणि तह झाला की ती पुन्हा कुणाची होईल ते ना या मजुराला ठाऊक ना त्या.

सेवाग्रामला गेलं की हे सगळं वेगळ्या उजेडात दिसतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम आखला, आणि नई तालीम सुरू झाली: मूल हातानं कातेल, विणेल, पेरेल आणि त्यातूनच गणित, भूगोल, इतिहास शिकेल. ही गरिबांसाठीची कमअस्सल शाळा, अशी टीका तेव्हाही झाली आणि तिच्यात तथ्य नव्हतं असं नाही. ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या हाताचंच काम लादलं होतं, त्यांना पुस्तक हवं होतं, आणि ते हवं असणं न्याय्य होतं. तरी रिव्हेट-कार्नॅकच्या अहवालाशेजारी ही योजना ठेवून पाहा. एकाला हातातली कला काढून हात तेवढा मजुरीला मोकळा करायचा होता. सत्तर वर्षांनी त्याच जिल्ह्यात कुणीतरी म्हणालं, कला परत हातात द्या आणि तिच्यासोबत डोकंही. जिथे नुसते हात उरतात तिथे दूरची प्रत्येक लढाई त्या हातांचा भाव ठरवते. ज्याला दोन कामं येतात, ज्याच्या घरात चार महिन्यांची ज्वारी आहे, तो एखाद्या रोजाला नाही म्हणू शकतो. देश युद्धातून सावरला की नाही हे मी कापसाच्या गाठी मोजून ठरवणार नाही. किती माणसांना वाईट कामाला नाही म्हणता येतं, ते विचारीन.

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात ओळीनं चरखे मांडलेले आहेत. काही पेटीत घडी होणारे, काही पायानं चालवायचे. गेल्या डिसेंबरात त्याच मावशींना आणि त्यांच्या नातीला घेऊन तिथे गेलो होतो. मावशींनी हात लावू नये अशी पाटी वाचली नाही, त्यांना वाचता येत नाही. त्यांनी एका चाकाला हलकेच बोट लावून ते फिरवलं. वेचणीचे दिवस असल्यामुळे बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडा फाटलेल्या होत्या. "माह्या आजीकडं असाच होता," त्या म्हणाल्या. "मंग कुठं गेला?" नातीनं विचारलं. मावशींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "सरपणात गेला असंन." मग आम्ही बाहेर आलो, कारण साडेतीनची बस चुकली तर दुसऱ्या दिवशीचा रोज बुडणार होता.